रोजची गोळी आणि पाच लाखांचं कार्ड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

निराधारचे पैसे जमा झाल्याची बातमी समुद्रपूर तालुक्यात कशी पसरते, ते सांगायला नको. सकाळी दहाच्या आत बँकेच्या पायरीवर लुगड्यातल्या आज्या आणि टोपीतले बुवा येऊन बसलेले असतात. संजय गांधी निराधार योजना १९८० ची. तिची आणि श्रावणबाळ योजनेची मदत २०२३ मध्ये महिन्याला हजारावरून दीड हजार झाली. श्रावणबाळमध्ये नाव यायचं तर वय पासष्टीचं हवं आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं. म्हणजे ही खरोखरीची गरीब माणसं. पैसे घेऊन ती पुढे जातात कुठे? पुष्कळदा शेजारच्या मेडिकलमध्ये. बीपीची गोळी, शुगरची गोळी, कुणाला दम्याचा पंप. तिथे कुणीतरी पिशवीतून पाच लाखांचं आरोग्य कार्ड काढून काउंटरवर ठेवतं आणि दुकानदार ते हसून परत करतो. ‘आजी, हे इथे चालत नाही. ते दवाखान्यात भरती झाल्यावर.’

का चालत नाही? पाच लाखांची हमी देणारं सरकार महिन्याच्या गोळीला का अडतं? की ते गोळी देतं, पण दुसऱ्याच खिडकीतून? याचं उत्तर कुठल्या एका माहितीपत्रकात सापडत नाही, कारण ही व्यवस्था एका दिवशी एका कायद्याने उभी राहिलेली नाही. ती तुकड्यातुकड्यांनी झाली. आणि त्यातले बरेचसे तुकडे आपल्या वर्धा जिल्ह्यात घडले.

आधी हे पाहू, की म्हातारपणी औषध हक्काने कुणाला मिळत होतं. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व त्यात स्पष्ट मांडलं होतं. पण स्वातंत्र्यानंतर पक्की व्यवस्था झाली ती नोकरदारांची. कामगार विमा कायदा १९४८ चा, प्रत्यक्ष योजना १९५२ पासून. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना १९५४ ची. या दोन्ही योजनांत दवाखाना होता, डॉक्टर होता आणि मुख्य म्हणजे औषधही होतं. निवृत्तीनंतरही, थोडी वर्गणी भरून, ते चालू राहतं. पाच वर्षं विम्यात राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार मिळू शकतात. पण समुद्रपूरकडे कापूस वेचणारी, निंदण करणारी बाई कुठल्या हजेरीपटावर? ती निवृत्त होत नाही आणि तिला पेन्शनरही कुणी म्हणत नाही. तिच्यासाठी होता तो सरकारी दवाखाना. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रं आली खरी, पण त्यांचं लक्ष बाळंतपण, लसीकरण, मलेरिया आणि पुढे कुटुंबनियोजन यांच्याकडे. म्हातारपण हा सरकारी खात्याचा विषयच नव्हता.

एका रोगाचा मात्र अपवाद होता. आपल्या जिल्ह्यातली मंडळी ओळखतीलच. कुष्ठरोग.

१९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. १९५१ साली वर्ध्यातच गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालं आणि तिथे डॉ. रा. वि. वार्डेकर यांनी एक वेगळी पद्धत बसवली. तोपर्यंत कुष्ठरोग्याला वसाहतीत नेऊन ठेवायचं, हीच रीत. वार्डेकरांनी ती उलटी केली. घरोघर जाऊन पाहणी करायची, लोकांना समजावून सांगायचं आणि डॅप्सोनची गोळी रोग्याच्या गावातच द्यायची. ही गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागे. रोगी एका हप्त्याला आला नाही तर कार्यकर्ता सायकल काढून त्याच्या घरी जाई. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तीन औषधांचा एकत्रित उपचार आला, तोही देशात आधी ज्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत वर्धा होता. पुढे त्याची महिन्याची पाकिटंच आली. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या एका पत्त्यात, आणि महिन्याचा मोठा डोस कार्यकर्त्यासमोर घ्यायचा.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. गरीब माणूस दीर्घकाळ औषध घेत नाही, मधेच सोडून देतो, अडाणी असतो, असं अजूनही सर्रास बोललं जातं. वर्धा जिल्ह्यातल्या अगदी वाळीत टाकलेल्या गरिबांनी वर्षानुवर्षं गोळी घेतली आहे. गोळी फुकट होती, जवळ होती आणि चुकली तर विचारणारं कुणीतरी होतं. पण तो रोग एकाचा दुसऱ्याला होणारा होता, म्हणून सरकारने खर्च केला. क्षयरोगाचंही तसंच. बीपी शेजाऱ्याला लागत नाही, आणि म्हणून तो ज्याचा त्याचा राहिला.

आता गोळीच्या किमतीकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर औषधं महाग होती आणि बरीचशी परदेशी कंपन्यांची होती. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली निघाला. १९७० साली पेटंटचा नवा कायदा झाला. त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या कृतीवर होतं. त्यामुळे तेच औषध दुसऱ्या कृतीने करायला आपले कारखानदार मोकळे झाले. हे २००५ पर्यंत चाललं. आज जगभर भारतीय गोळ्या स्वस्त म्हणून विकल्या जातात, त्याचं मूळ इथे आहे. १९७५ साली जयसुखलाल हाथी समितीने ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली आणि व्यापारी नावं टप्प्याटप्प्याने काढून टाकून औषध मूळ नावाने विकावं, असं सुचवलं. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी १९७७ ची, म्हणजे आपल्या नंतरची! पण व्यापारी नावं काही गेली नाहीत. उलट किंमत नियंत्रण हळूहळू आखडत गेलं. १९७९ च्या आदेशात ३४७ औषधं नियंत्रणाखाली होती, १९८७ मध्ये १४२ राहिली आणि १९९५ मध्ये ७४. औषध चळवळीतल्या संस्था २००३ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे २०१३ चा नवा आदेश निघाला आणि अत्यावश्यक यादीतल्या ३४८ औषधांवर कमाल किमती आल्या. त्यातही मेख अशी, की ही कमाल किंमत बनवण्याच्या खर्चावरून ठरत नाही. बाजारात चालणाऱ्या छापांच्या किमतींची सरासरी काढून ती ठरते. बाजारच महाग असेल तर सरासरीही महाग निघणार. माझ्या मते हे नियंत्रण कमी आणि नोंद जास्त आहे.

सेवाग्रामची गोष्ट याच काळातली. गांधीजींचा औषधांवर फारसा विश्वास नव्हता, हे सर्वांना ठाऊक आहे. माती आणि पाणी यांवर त्यांची भिस्त. तरी त्यांच्याच आश्रमाच्या आसऱ्याने डॉ. सुशीला नायर यांनी दवाखाना चालवला आणि कस्तुरबांच्या निधनानंतर त्यांच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथे वैद्यकीय महाविद्यालय आलं. त्यातल्या डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या खेड्यांत जवार विमा नावाने ओळखली जाणारी योजना बांधली. सुगी झाली की घरटी ज्वारी द्यायची. भूमिहीनाने थोडी, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने जास्त. मजुराच्या हातात रोख पैसा कधी असतो याचा नेम नाही, पण सुगीला घरात दाणे असतात, म्हणून वर्गणी दाण्यांत. त्यातून गावातल्या आरोग्यसेवकाचा आणि प्राथमिक औषधांचा खर्च भागायचा, आणि सेवाग्रामला भरती व्हावं लागलं तर सवलत.

या योजनेतला एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. दुखणं अचानक आलं असेल, म्हणजे साप चावला, हगवण लागली, ताप डोक्यात गेला, तर सभासदाला भरती फुकट. पण दुखणं आधीपासून माहीत असलेलं असेल, म्हणजे मोतीबिंदू, हर्निया, जुनाट आजार, नेहमीचं बाळंतपण, तर बिलाचा चौथा हिस्सा त्याने द्यायचा. यात निर्दयपणा नव्हता, हिशोब होता. नाहीतर ज्याला हर्निया कापायचा आहे तो त्या वर्षापुरतीच ज्वारी घालणार आणि पुढच्या वर्षी घालणार नाही. मग निधी बुडायला किती वेळ? विम्याचा स्वभावच असा आहे. जे होईल की नाही याची खात्री नाही, त्याच्यासाठी चारचौघांनी थोडंथोडं काढून ठेवायचं. आणि म्हातारपणाची गोळी तर रोज लागणार हे आधीच ठरलेलं. विमा तिच्याकडे पाहून नेहमी अंग चोरतो. सेवाग्रामच्या ज्वारीपासून थेट अमेरिकेपर्यंत हेच दिसतं.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे, तर तेही पाहून घेऊ. नागपूर-वर्ध्याकडची कितीतरी मुलं तिकडे आहेत. आईवडील त्यांच्याकडे निघाले की सहा महिन्यांच्या गोळ्यांची पिशवी इथूनच बांधून नेतात. तिथे ३० जुलै १९६५ रोजी पासष्टीच्या पुढच्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड हे दोन कार्यक्रम एकाच सहीने सुरू झाले. मेडिकेअरमध्ये रुग्णालय होतं, डॉक्टरची फी होती, पण घरी घ्यायची गोळी नव्हती. १९८८ साली ती घालण्याचा कायदा झाला आणि वाढीव वर्गणीवरून म्हाताऱ्यांनीच इतका आरडाओरडा केला, की पुढच्याच वर्षी तो रद्द झाला. अखेर २००३ चा कायदा आणि १ जानेवारी २००६ पासून औषधांचा विमा, तोही खासगी कंपन्यांमार्फत. म्हणजे जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातल्या आजीला चाळीस वर्षं थांबावं लागलं. त्या विम्यात ठरावीक खर्चानंतर मधेच एक खड्डा होता, जिथे पुन्हा सगळा भार रुग्णावर. खड्डा बुजवायला बरीच वर्षं लागली. २०२५ मध्ये रुग्णाने स्वतः भरायच्या रकमेला वर्षाला दोन हजार डॉलरची मर्यादा आली. कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांसाठी वेगळी जादा मदत आहे. काहींना ती आपोआप लागू होते, बाकीच्यांनी अर्ज करायचा. पहिल्याच महिन्यात मेडिकेडमधून या नव्या विम्यात ढकललेल्या कित्येक गरीब रुग्णांची नावं दुकानदाराच्या संगणकावर सापडेनात, आणि अनेक राज्य सरकारांना तात्पुरते पैसे घालावे लागले. आपल्याकडच्या ‘सर्व्हर डाऊन’ची आठवण व्हावी असा प्रकार!

इंग्लंडची तऱ्हा निराळी. ५ जुलै १९४८ ला तिथली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा औषध फुकट होतं. १९५२ मध्ये चिठ्ठीमागे एक शिलिंग लागलं, १९६५ मध्ये उठलं आणि १९६८ मध्ये पुन्हा लागलं. पण पुन्हा लावताना म्हाताऱ्यांना वगळलं. तिथे औषध हा विम्याचा भाग नाही, सेवेचा भाग आहे. हा फरक लक्षात ठेवला की आपल्याकडचा गोंधळ बराच उकलतो.

कारण आपण दोन्ही वाटा धरल्या. एक वाट कार्डाची. महाराष्ट्रात १९९७ ची जीवनदायी योजना, केंद्राची २००८ ची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना, २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी. वर्धा त्या आठांत नव्हता. आपल्याकडे ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत आली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीच्या पुढच्या सर्वांना, उत्पन्न न विचारता, त्यात घेतलं. हे सगळे भरती झालेल्या माणसाचे उपचार. औषध त्यातही आहे, पण भरतीच्या काळातलं, आणि सुटी मिळाल्यावर पंधरा दिवसांपर्यंतचं. सोळाव्या दिवशी काय, याचं उत्तर कार्डाजवळ नाही. बीपीची गोळी परवडली नाही म्हणून सुटली आणि एक दिवस लकवा झाला, मेंदूत रक्तस्राव झाला, की तेच कार्ड हजारो रुपये मोजायला तयार होतं. आधी गोळीला मात्र दमडी नाही. हा कुणाचा दुष्टपणा नाही, वर सांगितलेला विम्याचा स्वभाव आहे. पण माणूस लुळा होतो तो खराच लुळा होतो.

दुसरी वाट दवाखान्याच्या खिडकीची. तिकडे लक्ष कमी जातं, कारण तिथे कार्ड नाही, फोटो नाही. पण म्हाताऱ्या माणसाची रोजची गोळी सरकारकडून मिळते ती इथूनच. २०१०-११ मध्ये केंद्राने मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांचा कार्यक्रम आणि वृद्धांच्या आरोग्याचा कार्यक्रम आखला. देशातल्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत वर्धा होता. त्यानंतर २०१८ च्या सुमारास उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम आला. महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. त्याची रचना पाहिली की वार्डेकरांची आठवण होते. औषधं मोजकीच आणि ठरलेली. आधी ॲम्लोडिपिन, बीपी उतरलं नाही तर पुढची पायरी, हे कागदावर लिहून दिलेलं. प्रत्येक रुग्णाची नोंद. एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या. आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत न येता गावाजवळच्या उपकेंद्रातही त्या मिळाव्यात, ही कल्पना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही उठले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, हे ध्यानात ठेवावं.

मग अडतं कुठे? खिडकीच्या आत. कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात कधी ना कधी ऐकू येणारा हा संवाद.

‘मावशी, तुमच्या गोळ्या संपल्या. पुढच्या सोमवारी या.’

‘सोमवारलोक मंग काय करू, बापू?’

या मावशीच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरकडे नसतं, औषध खरेदीच्या खात्याकडे असतं. तमिळनाडूने हे लवकर ओळखलं. १९९५ पासून तिथलं स्वतंत्र महामंडळ सगळ्या राज्याची औषधं एकत्र, मूळ नावाने विकत घेतं, जिल्ह्यात गोदामं ठेवतं आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुक देतं. दवाखान्याने हवं ते, हवं तेव्हा, आपल्या रकमेत उचलायचं. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून त्याच धर्तीवर मोफत औषध योजना काढली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदी हाफकिनकडे सोपवली, विलंबाच्या तक्रारी वाढल्या, आणि २०२३ मध्ये वेगळं खरेदी प्राधिकरण केलं. आपल्या राज्याने ही गोष्ट अठ्ठावीस वर्षं उशिरा मनावर घेतली, असं म्हटलं तर चूक होऊ नये. हिशोबाचं काम रुक्ष असतं, त्याचं उद्घाटन करायला कुणी येत नाही, हेही एक कारण असेल.

खिडकीत गोळी नसेल तर तिसरा रस्ता स्वस्त दुकानाचा. सेवाग्रामला डॉ. एस. पी. कलंत्री यांनी २०१० च्या सुमारास रुग्णालयाच्या दुकानातून मूळ नावाची औषधं अत्यंत कमी किमतीत द्यायला सुरुवात केली. विदर्भातून आणि तेलंगणाकडून येणाऱ्या रुग्णांना त्याचा केवढा आधार झाला, ते तिथल्या रांगा सांगतात. केंद्राची जनऔषधी दुकानं २००८ साली अमृतसरपासून सुरू झाली. पहिली कितीतरी वर्षं ती नावापुरतीच होती. २०१५ नंतर वाढली आणि २०२५ मध्ये पंधरा हजारांवर गेली. तिथे गोळी फुकट नसते, स्वस्त असते. पण आजीच्या चिठ्ठीवर व्यापारी नाव लिहिलेलं असेल तर तिला तिथे काय मागायचं तेच कळत नाही. म्हणून डॉक्टरांकडे एक विनंती जरूर करावी. औषधाचं मूळ नाव, मोठ्या अक्षरांत.

तेव्हा समुद्रपूरच्या म्हाताऱ्या माणसाने काय करावं? पाच लाखांचं कार्ड काढून ठेवावं, ते भरतीसाठी. बीपी-शुगरची नोंद मात्र गावाच्या उपकेंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात करून घ्यावी, कारण जितक्या नावांची नोंद तितक्या गोळ्यांची मागणी वर जाते. नोंदच नसेल तर मागणी कमी दिसते आणि पुरवठाही तेवढाच येतो. खासगीत दाखवून गोळ्या सुरू केलेल्यांनीही जुनी चिठ्ठी घेऊन जायला हरकत नाही. गोळ्या तीस दिवसांच्या मागाव्यात, पाच-सात दिवसांच्या घेऊन परत येऊ नये.

आणि बसभाड्याचं. गिरडकडच्या किंवा नांदोरीकडच्या माणसाला फुकट गोळीसाठी एक रोज बुडवून यावं लागतं, तेव्हा ती गोळी फुकट राहत नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धं भाडं होतंच, आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या बायांनाही अर्धं तिकीट मिळू लागलं. आरोग्य खात्याच्या कुठल्याही कागदावर एसटीचं नाव नसेल. पण हिंगणघाटच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा सेवाग्रामला महिन्याला एकदा जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या औषधखर्चात सर्वांत आधी कमी झाला तो हाच आकडा. आता उपकेंद्रात तीस गोळ्या महिन्याच्या महिन्याला येत राहिल्या, तर त्याला त्या बसचीही गरज पडणार नाही.